तीन जुन्या गिटारींची एक ‘ब्लॅकी’

१९७० साली गिटारवादक एरिक क्लॅप्टननं नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या ‘स्ट्रॅटोकास्टर’ इलेक्ट्रिक गिटारी विकत घेतल्या. तीन त्यानं जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड या मित्रांना देऊन टाकल्या. उरलेल्या तिन्हींचे चांगले भाग एकत्र जोडून एक काळी गिटार तयार झाली, ‘ब्लॅकी’. २००४ मध्ये लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले!

हे जमलं, कारण या मॉडेलची मान धडाला चिकटवलेली नसते, स्क्रूंनी जोडलेली असते. पिकअप, ब्रिज, ट्यूनर, सगळं सुटं होतं.

भाग असे बदलता येत असले, तरी सेकंडहँड गिटार घेताना आधी मान तपासावी. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरल्यावर मधल्या फ्रेटपाशी किंचित फट दिसली, तर ठीक. फट जास्त असेल तर मानेतला ट्रस रॉड हलकेच फिरवून ती कमी करता येते. पिळलेली मान मात्र गळ्यात मारून घेऊ नये. फ्रेटवर खोल खाचा असतील, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगावा.

नॉब फिरवताना खरखर येते? कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यानं ती बहुधा जाते.

बदलांची सुरुवात स्वस्तापासून करावी: नव्या तारा, सेटअप, मग नट आणि ट्यूनर. पिकअप शेवटी. आवाज दबलेला वाटण्याचं कारण अनेकदा गंजक्या तारा किंवा पिकअपची चुकलेली उंची असते, आणि ती उंची साध्या स्क्रूड्रायव्हरनं बदलता येते.

एखादी जुनी गिटार नजरेत भरली असेल, तर मॉडेल आणि मानेची अवस्था सांगून जरूर विचारा.