वाचणारा भेटला की मूल लिहितं

शाळेत मूल वर्षभर जे लिहितं, ते वाचणारा माणूस एकच असतो आणि त्याच्या हातात लाल पेन असतं. निबंध, पत्रलेखन, वृत्तान्त, सगळं त्याच्यासाठीच. त्यामुळे मुलं लवकर शिकतात की लिहायचं ते बाईंना आवडेल असं. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. पावसाळ्यावरचे तेच ते हिरवे गालिचे तपासताना वाटायचं, या मुलांच्या घरी पावसात काय काय होतं ते यात कुठेच का येत नाही? वर्गाचा ब्लॉग सुरू करण्यामागे एवढंच कारण होतं.

मुलांनी बाहेरच्या वाचकासाठी लिहावं ही कल्पना जुनी आहे. दक्षिण फ्रान्समधल्या बार-सूर-लू गावात सेलेस्तँ फ्रेने नावाचे शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती, फार वेळ बोलवत नसे. 1924 मध्ये त्यांनी वर्गात छोटंसं छपाईयंत्र आणलं. मुलं आपल्या अनुभवावर लिहायची, खिळे जुळवून छापायची आणि ती पानं दूर ब्रिटनीतल्या एका शाळेला पाठवायची. तिकडून समुद्रकाठच्या मुलांची पानं यायची. ज्याला आपलं गाव ठाऊकच नाही अशा मुलासाठी लिहायचं, तर नीट समजावून सांगावंच लागतं. शिक्षकाने मागे लागण्याची गरज उरत नाही.

आपल्याकडे हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं होतीच, आजही आहेत. पण हस्तलिखित स्नेहसंमेलनात प्रकाशित होतं आणि दुसऱ्या दिवशी कपाटात जातं. वाचून कुणी काही विचारलं, असं क्वचित घडतं. ब्लॉगवर लेखाखालीच विचारायची सोय असते, आणि शिक्षकाच्या दृष्टीने खरी मोलाची जागा तीच. आमच्या ब्लॉगचं खातं माझ्या नावावर आहे. मुलं आधी वहीत लिहितात, मग संगणक कक्षात टाइप करतात किंवा फोनला बोलून लिहवतात. बोलून लिहवलं की विरामचिन्हं बहुतेक गळतात. ती घालताना स्वतःचा लेख मोठ्याने वाचावा लागतो आणि पूर्णविराम कुठे हवा ते कानाला कळतं. आलेली प्रत्येक प्रतिक्रिया मी वाचल्याशिवाय दिसत नाही, अशी सेटिंग ठेवली आहे.

एका मुलीने घरच्या कुरडयांवर लिहिलं. गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून चीक काढतात, शिजवतात आणि सोऱ्याने कुरडया घालतात. लेख आठ-दहा ओळींचा. वहीत असता तर मी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारून सही केली असती. ब्लॉगवर एका वाचक बाईंनी विचारलं, 'चीक शिजला हे तुझ्या आजीला कसं कळतं?' मुलीला ते सांगता येईना. ती घरी गेली, आजीला विचारलं, शेजारच्या काकूंनाही विचारलं. दुसरा लेख आला तो दोन पानांचा. त्यात होतं की शिजताना पांढरा चीक पारदर्शक दिसू लागतो, ओलं बोट लावलं आणि चिकटला नाही तर झाला. आणि आदल्या दिवशी वरचं पाणी नीट निथळलं नसेल तर कितीही ढवळा, पातळच राहतो. शेवटी तिने लिहिलं होतं की आजीला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. निरीक्षण, क्रम, कारण आणि परिणाम या सगळ्याचा पाठ त्या एका प्रश्नाने झाला होता.

मुलाच्या लिखाणाला बाहेरचा वाचक मिळाला की मोठ्यांची अडचणही होते. स्कॉटलंडमधल्या लॉकगिल्पहेडच्या मार्था पेन या नऊ वर्षांच्या मुलीचं उदाहरण मी शिक्षकांना नेहमी सांगते. एप्रिल 2012 मध्ये तिने वडिलांच्या मदतीने ब्लॉग सुरू केला. शाळेतल्या जेवणाचा रोज फोटो, दहापैकी गुण, आणि किती घासांत संपलं त्याचा आकडा. इतर देशांतली मुलं आपापल्या ताटांचे फोटो पाठवू लागली. जूनमध्ये तिथल्या स्थानिक कौन्सिलने फोटो काढायला बंदी घातली आणि एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी ती मागे घ्यावी लागली. मुलांना शाळेत जेवण देणाऱ्या एका संस्थेसाठी तिच्या ब्लॉगमधून एक लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. त्यातून मलावीत एका शाळेचं स्वयंपाकघर उभं राहिलं. आपल्या वर्गातला एखादा मुलगा उद्या पोषण आहाराच्या खिचडीबद्दल खरं तेच लिहील. तेव्हा लेख कुणी काढायला सांगितला तर काय करायचं, हे मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवलेलं बरं. शिक्षकाने अशा वेळी मुलाच्या बाजूने उभं राहायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

व्हॉट्सॲपचा अनुभव वेगळा. 2020 च्या टाळेबंदीत 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणताना हेच साधन बहुतेक शाळांच्या हाती होतं आणि त्याने वर्ग टिकवला, हे मान्य करायलाच हवं. पण फोन वडिलांचा असायचा, ते कामावरून परतले की रात्री नऊला मुलाला मिळायचा. तोवर गटावर तीस उत्तरं पडलेली असायची. मग त्यातलंच एक उतरवून पाठवलं जायचं. कच्च्या मुलाच्या पानाचा फोटो सगळ्यांसमोर यायचा आणि चार घरांत त्याची चर्चा व्हायची. लेख टाकला तर खाली अंगठे आणि जोडलेले हात, वाचल्याची खूण एकाचीही नाही. अंगठ्याने मुलाला दुसरा लेख लिहावासा वाटत नाही, प्रश्नाने वाटतो. म्हणून आता आमच्या गटावर फक्त ॲडमिनलाच संदेश टाकता येतो. सूचना आणि ब्लॉगचा दुवा तिथे जातो, गृहपाठ ज्याचा त्याने मला वेगळा पाठवायचा.

इन्स्टाग्रामवर वर्गाचं पान काढू या, असा आग्रह नववीतली मुलं दरवर्षी धरतात. मी नाही म्हणते. तिथे फोटोशिवाय काही चालत नाही, आणि मुलांचे चेहरे मला बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. ब्लॉगवरही फक्त पहिलं नाव असतं, आडनाव, गाव, फोटो काही नाही. पालकांची लेखी संमती जूनमध्येच घेते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती आवश्यक केली आहे. अनेक शाळा मात्र बक्षीस समारंभाचे फोटो मुलांच्या पूर्ण नावांसह बिनदिक्कत टाकतात. शिक्षकांनी याचा गांभीर्याने विचार करायला हवा.

सगळ्यात जास्त मेहनत वाचक मिळवण्यात जाते. ब्लॉग काढला म्हणून कुणी आपणहून येत नाही. मी निवृत्त शिक्षकांना, माजी विद्यार्थ्यांना, मैत्रिणींना गाठते आणि प्रत्येकाकडे दोन-तीन मुलं सोपवते. अट एकच, 'छान लिहिलंस' एवढ्यावर थांबायचं नाही, लेखात जे आलं नाही ते विचारायचं. परगावी स्थायिक झालेले माजी विद्यार्थी हे काम मनापासून करतात. त्यांनाही गावाकडचं बरंच काही विचारायचं असतं.

आता जुनी मुलं कॉलेजात गेली आहेत. त्यांतली काही जण फोन करतात, 'बाई, माझा सातवीतला लेख काढाल का?' मी त्याच दिवशी काढते, कारण विचारत नाही. लेख त्यांचा आहे.