सर्दीची गोळी आणि वैमानिकाचा परवाना

पावसाळा सुरू झाला की अंधेरीच्या मरोळ, चकाला, सहार या वस्त्यांत घरोघरी सर्दी शिरते, आणि नाक्यावरच्या केमिस्टाकडून जी गोळी कारकून, शिक्षिका किंवा रिक्षावाला निःशंकपणे घेऊन जातो, तीच शेजारच्या इमारतीतील वैमानिकाने घेतली तर त्या दिवसापुरता तो विमान चालविण्यास अपात्र ठरू शकतो, ही गोष्ट पुष्कळांना विलक्षण वाटेल.

तिचे कारण शरीरधर्मात आहे. अशा अनेक गोळ्यांत असणारे क्लोरफेनिरामिन नाकाचे पाणी थांबविते, पण मेंदूला जागृत ठेवणाऱ्या हिस्टामिनचे कार्यही रोखते. शरीरातून त्याचा निम्मा अंश जाण्यास पुष्कळदा वीस तास लागतात, म्हणून रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळच्या उड्डाणापर्यंत टिकू शकतो. शिवाय विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरील हवेइतका, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरच्याहूनही कमी असतो, आणि त्या विरळ हवेत गुंगी अधिक जाणवण्याचा संभव असतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९० ते २०१२ या काळात अपघातांत मृत्यू पावलेल्या वैमानिकांच्या रासायनिक तपासण्यांचा अभ्यास केला, तेव्हा कार्यक्षमता मंदावू शकणाऱ्या द्रव्यांत सर्वाधिक वेळा आढळले ते डायफेनहायड्रामिन, म्हणजे ॲलर्जीवरचे एक सामान्य औषध.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे विमान काही क्षणांतच वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले आणि २१३ जीव गेले. चौकशीत विमानाचा कल दाखविणाऱ्या उपकरणाचा बिघाड आणि त्यातून झालेला भ्रम पुढे आला. या दुर्घटनेचा उल्लेख मी औषधासंबंधी करीत नाही. काळोख्या समुद्रावर क्षितिज दिसेनासे झाले की कानातील तोलाची इंद्रिये किती सहज फसतात आणि सावरण्यास किती थोडा अवधी उरतो, एवढेच तीवरून ध्यानात यावे. तेवढ्या अवधीत मंदावलेली बुद्धी परवडत नाही.

१९३७ च्या विमान नियमावलीप्रमाणे उड्डाणापूर्वी बारा तास मद्य वर्ज्य आहे. २०२३ मध्ये नागरी विमानचालन महासंचालनालयाने मद्यार्कयुक्त औषधे, माउथवॉश आणि दंतजेल यांनाही मनाई करून, असे औषध चालू असल्यास उड्डाणापूर्वी कंपनीच्या डॉक्टरांचा सल्ला घेण्याचा हुकूम दिला. आपल्या घरांतील द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत आंबविण्याच्या क्रियेतूनच मद्यार्क उत्पन्न होतो, हे घरच्या वडीलधाऱ्यांनीही लक्षात ठेवले पाहिजे.

मात्र नियमांहून मला अधिक चिंता वाटते ती मौनाची. वैद्यकीय दाखल्याची मुदत साधारणतः वर्षाची आणि साठीनंतर सहा महिन्यांची. त्या कागदावर कुटुंबाची उपजीविका, घराचे हप्ते, मुलांचे शिक्षण अवलंबून असता, रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यावर उठताना भोवळ येते हे आपण होऊन सांगण्यास मोठे धैर्य लागते. वस्तुतः औषध मानवून रक्तदाब आटोक्यात आला की पुष्कळ वैमानिक रीतसर पुन्हा उड्डाण करतात. मधल्या सक्तीच्या विश्रांतीत पगाराला कात्री लागणार नाही, अशी तजवीज विमान कंपन्यांनी अवश्य करावी.