नावावर झाली, तरच आपली

नागपुरातून वर्धा रोड धरा, नाहीतर कामठीवरून रामटेककडे निघा. रस्ता सरळ, सपाट आणि रुंद. पाय पुढे सोडून आरामात बसायच्या क्रूझरला असेच रस्ते मानवतात. (समृद्धी महामार्गावर मात्र दुचाकीला बंदी आहे.) नवी गाडी खिशाला जड जाते, म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेकांची पावले छोट्या ऑटो डीलरकडे वळतात. त्यात गैर काहीच नाही, पण काय पाहून पैसे मोजायचे ते ठाऊक हवे.

जुन्या क्रूझरमध्ये दोन नावे हमखास भेटतात. बजाजची अ‍ॅव्हेंजर २००५ साली आली. तिच्याआधी होती कावासाकी बजाज एलिमिनेटर. पुढे २०१० मध्ये अ‍ॅव्हेंजर २२० सीसीची झाली. दुसरी रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड. ती २००२ मध्ये आली आणि २०२० मध्ये तिची जागा मेटिऑर ३५० ने घेतली. गाडीचे वय आधी पाहावे. खासगी दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर आलाच.

गाडी पाहायला सकाळी लवकर जा आणि आधी इंजिनाला हात लावा. ते गार असले पाहिजे. तुम्ही येण्याआधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपवते. गार इंजिन सुरू करा, धूर पाहा, आवाज ऐका.

मग रबर तपासा. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही कडक होतात, बाजूला बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पुढच्या शॉकअपच्या नळीवरून पांढरे फडके फिरवा. तेल लागले तर सील गेले. मीटर कमी किलोमीटर दाखवतो, पण ब्रेकच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, तर विश्वास रबरावर ठेवा. शक्यतो ओळखीचा मिस्त्री सोबत न्या.

एवढे करूनही गाडीपेक्षा कागद मोठा. हँडलच्या मानेपाशी कोरलेला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. पाटी एमएच ३१ ची असो, ४९ ची की ४० ची, नोंद कोणाच्या नावावर आहे, कर्जाचा बोजा आहे का, दंड थकला आहे का, हे परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर बघून घ्या. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमाही आपल्या नावावर करायचा असतो, त्यासाठी मुदत १४ दिवसांची. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी बसली आहे का, तेही बघा.

‘सह्या घेऊन ठेवल्यात, नाव नंतर करू’ हे वाक्य कानावर आले की थांबा. एक कार अशीच हातोहात विकली गेली, नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहिले आणि पुढे अपघात झाला. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नोंदवहीत ज्याचे नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे नाव बदलण्याची गरज विकणाऱ्यालाही तेवढीच आहे.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घेणे बंधनकारक आहे. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये ऑनलाइन जाते आणि तेव्हापासून तिची जबाबदारी डीलरवर येते. म्हणून अधिकारपत्र दाखवा असे मोकळेपणाने म्हणा. छोट्या डीलरचा धंदा ओळखीवर आणि शब्दावर चालतो; चोख माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

बयाणा द्या, त्याची पावती घ्या, पण काही रक्कम नाव बदलेपर्यंत हातात ठेवा आणि तसे पावतीवर लिहून घ्या. आरसीवर आपले नाव येईल, त्याच दिवशी गाडी आपली झाली असे समजा.