'नेक्स्ट फ्रायडे' म्हणजे नेमका कुठला शुक्रवार?

सोमवारी ग्रुपवर मेसेज पडतो, "मीटिंग नेक्स्ट फ्रायडेला." निम्मी मंडळी चार दिवसांनी हजर, उरलेली त्याच्या पुढच्या आठवड्यात. आणि दोघंही आपापल्या परीनं बरोबर! इंग्रजी बोलणारे काही जण 'नेक्स्ट फ्रायडे' म्हणजे अगदी जवळचा शुक्रवार धरतात, तर काही जण त्यानंतरचा. आपण 'येत्या शुक्रवारी' म्हटलं की विषय संपतो.

आपल्याकडे असे घोळ जास्त होतात, त्याला कारणही आहे. बेळगाव, निपाणी, खानापूरकडे एक जण मराठीत विचार करतो, दुसरा कन्नडमध्ये. हैदराबादला समोरचा तेलुगू असतो, बडोद्याला गुजराती. मग दोघं मध्ये इंग्रजी शब्द टाकून काम भागवतात. हे इंग्रजी चुकीचं नसतं, ढिलं असतं. चुकीचं असतं तर कुणीतरी लगेच टोकलं असतं. ढिला शब्द मात्र दोघांनाही समजल्यासारखा वाटतो.

अंकल म्हणजे कोण?

"अंकल एक्सपायर्ड" एवढाच मेसेज आला तर घरात पहिला प्रश्न, कुठले अंकल? काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान की शेजारचे वयस्कर गृहस्थ? इंग्रजीला एक शब्द पुरतो, आपल्याला पुरत नाही. सुतक कुणाला आणि किती दिवसांचं, हे नात्यावर ठरतं. कुठल्या गावची गाडी पकडायची, तेही त्यावरच. 'कझिन'चं तेच. म्हणून तर आपल्या लोकांनी 'कझिन ब्रदर', 'कझिन सिस्टर' असे जोडशब्द बनवून घेतले.

शब्द एक, अर्थ दोन

आपल्याकडचा मुलगा अमेरिकेत सांगतो, "मी २०१८ मध्ये कॉलेजातून पास आऊट झालो." तिथं 'पास आऊट' म्हणजे शुद्ध हरपणं. ऐकणारा काळजीत! 'फर्स्ट फ्लोअर' आपल्याला आणि ब्रिटिशांना पहिला मजला, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तळमजला. ०४/०७ ही आपली ४ जुलै, त्यांची ७ एप्रिल.

खुद्द इंग्रजांची आणि अमेरिकनांचीही यात फसगत झाली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन्ही देशांच्या बैठकीत एक कागद 'टेबल' करण्यावरून बराच वेळ वाद रंगला. ब्रिटिश अर्थानं 'टेबल करणे' म्हणजे विषय चर्चेला घेणे, अमेरिकन अर्थानं बाजूला ठेवणे. म्हणजे दोघांना हवं होतं एकच, भांडण झालं फुकट. विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या आठवणींत हा किस्सा लिहून ठेवला आहे.

इथं मात्र हसू थांबतं

२५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या एव्हियान्का कंपनीचं विमान न्यूयॉर्कच्या आकाशात ताटकळत होतं. इंधन संपत आलं होतं. वैमानिकांनी 'प्रायॉरिटी' मागितली, इंधन कमी असल्याचंही सांगितलं, पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नाही. जमिनीवरच्या नियंत्रकांच्या लेखी 'प्रायॉरिटी' हा जिवावरच्या संकटाचा शब्द नव्हता. विमान कोसळलं, १५८ पैकी ७३ जण गेले. इंधनाची स्थिती सांगायला ठरावीक, सर्वांना कळणारे शब्द नव्हते, हेही चौकशीत एक कारण म्हणून नोंदलं गेलं.

आपल्या रोजच्या कामात

आपलं एवढं मोठं नसलं तरी नुकसान होतंच. रेल्वेचं उदाहरण घ्या. तिकिटावर शनिवारची तारीख आणि वेळ ००:३०. आपण म्हणतो 'शनिवारी रात्री साडेबाराची गाडी' आणि शनिवारी रात्री बॅगा घेऊन स्टेशनवर. गाडी तर आदल्या रात्रीच गेलेली! रेल्वेचा दिवस मध्यरात्री बदलतो, आपला झोपून उठल्यावर.

नोटिशीतली मुदत तर फारच जपून वाचावी. केंद्राच्या कायद्यांना लागू असलेल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टनुसार 'फ्रॉम' म्हटलं की तो पहिला दिवस मोजायचा नाही आणि 'मंथ' म्हणजे कॅलेंडरचा महिना. १५ मार्चपासून 'एक महिना' १५ एप्रिलला पुरा होतो, '३० दिवस' मात्र १४ एप्रिललाच. एकाच दिवसाचा फरक, पण अपील त्यावरच अडकू शकतं.

'बायवीकली' शब्दाचे तर शब्दकोशातही दोन अर्थ आहेत, आठवड्यातून दोनदा किंवा दोन आठवड्यांतून एकदा. हप्ता भरायचा असेल तर विचारून घेतलेलं बरं.

आपणही काही कमी नाही

मराठी फार काटेकोर आहे, असंही नाही हं. 'आठ दिवसांनी ये' म्हणजे सातव्या दिवशी, 'पंधरा दिवसांनी' म्हणजे चौदाव्या. 'परवा' तर मागचाही आणि पुढचाही. 'परवा आला', 'परवा येईल' हे क्रियापदावरून कळतं, पण "परवाचं तिकीट" म्हटलं की पुन्हा गोंधळ. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींना हिंदीतल्या 'कल'मुळे याची सवय असेलच.

मग करायचं काय?

- वार आणि तारीख दोन्ही लिहा. महिना अक्षरात लिहा, '४ जुलै' असा.
- रात्रीची गाडी असेल तर 'शुक्रवार उलटून शनिवार लागताना' असं घरी स्पष्ट सांगा.
- दुःखाची बातमी कळवताना नाव आणि नातं मराठीत लिहा.
- मुदतीबद्दल "शेवटची तारीख कुठली?" असं थेट विचारा आणि उत्तर लेखी घ्या.
- फोनवर ठरलेलं एकदा उलट म्हणून दाखवा. "म्हणजे १२ तारखेला, सकाळी ११ वाजता, होय ना?" दहा सेकंद लागतात. समोरचा कन्नड असो, गुजराती असो, तारीख आणि आकडा सगळ्यांना सारखाच कळतो.