मूठभर राखेची करामत

महाडहून रायगड किल्ला पाहायला निघालात, की वाटेत नाते नावाचं गाव लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली याच गावात जन्मले. मोठेपणी त्यांनी देशाची तिजोरी सांभाळली. पण कोकणातल्या शेतकऱ्यांच्या घरात त्याच्या कितीतरी आधीपासून एक तिजोरी होती. बियाण्याची! आणि तिची राखणदार कोण, ठाऊक आहे? चुलीतली राख!

भाताची कापणी झाली, की रायगड जिल्ह्यात जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वाल घरात आला, की मागोमाग भुंगाही येतो. भुंग्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडी घालते. अळी दाण्यात शिरून आतलं सगळं फस्त करते आणि भुंगा होऊन बाहेर पडते. मागे उरतं गोल भोक पडलेलं टरफल. ते पेरून काय उगवणार?

म्हणून जुन्या बायका वाल कडक उन्हात वाळवायच्या, चाळलेली कोरडी राख त्याला चोळायच्या आणि मडक्यात भरून तोंड बंद करून टाकायच्या. राख दाण्यांच्या मधल्या फटी भरून टाकते. भुंग्याला फिरायला, जोडीदार शोधायला जागाच उरत नाही. आणि राख एवढ्यावरच थांबत नाही!

किड्याचा रेनकोट

किड्याच्या अंगावर मेणाचा एक थर असतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ! आपण रेनकोट घालतो तो बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून. किड्याचा रेनकोट उलटा. आतलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. पातळ पापड एका उन्हात वाळतो, जाड सांडग्याला चार उन्हं लागतात, हे तुम्ही गच्चीवर पाहिलं असेल. किडा इतका लहान, की तोही पापडासारखाच झटकन वाळायचा. मेणामुळे तो वाचतो.

कोरडी, बारीक पूड अंगाला लागली, की हे मेण खरवडलं जातं किंवा पुडीत शोषलं जातं. मग किड्याच्या अंगातलं पाणी उडून जातं आणि काही दिवसांत तो सुकून मरतो. यात विषाचं काम नाही.

व्ही. बी. विगल्सवर्थ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात ढेकणाच्या एका दूरच्या भाऊबंदावर असे प्रयोग केले. पुडीवरून चालताना किड्याचं अंग जिथे जमिनीला घासलं, तिथलं मेण गेलं होतं. आपल्याकडे मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनीही कोळशाच्या आणि मातीच्या पुडींचा किड्यांवर होणारा परिणाम अभ्यासला आणि १९५९ मध्ये तो प्रसिद्ध केला. आजीच्या मडक्यातली गोष्ट प्रयोगशाळेत पोचली होती!

काचेची पूड, भातातली आणि नदीतली

लावणीला गेलेल्यांना माहीत असेल, भाताचं पातं हाताला कापतं. कारण त्यात सिलिका असते. वाळूत आणि काचेत असते तीच. भाताच्या तुसात ती भरपूर असते. शंभर किलो तूस जाळलं, तर वीसएक किलो राख उरते आणि त्यातली बहुतेक सिलिकाच.

नदीतल्या दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर असतो ना? त्यात डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं असतात. त्यांचं कवच सिलिकाचं. लाखो वर्षांपूर्वी तळाशी साचलेल्या अशा कवचांची पांढरी माती काही देशांत खाणीतून काढतात आणि धान्यातले किडे, झुरळं, ढेकूण यांच्यासाठी वापरतात. म्हणजे दुकानातली महागडी पूड आणि तुसाची राख, दोघी एकाच जातीच्या!

पण मेख कुठे आहे?

ही सगळी करामत पूड कोरडी असेपर्यंतच. विगल्सवर्थनाही दमट हवेत ठेवलेले किडे वाचलेले आढळले. महाड-पोलादपूरकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आषाढात ओट्यावर राख टाकाल, तर दुपारपर्यंत तिचा चिखल होईल. म्हणूनच वाल राखेत घालायचे ते उन्हाळ्यात, आणि मडक्याचं तोंड बंद करायचं ते पावसाआधी.

पावसाळ्यात मुंग्या आल्या, तर आधी त्यांची रांग साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. मुंग्या वासाच्या मागावर चालतात. माग पुसला, की त्या गोंधळतात. मग त्या जिथून येतात त्या भेगेशी, कोरड्या जागी, हळदीची किंवा राखेची रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी मुंग्या नवी वाट शोधतीलच! भेग बुजवणं आणि गुळाचा डबा घट्ट लावणं हाच पक्का उपाय.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

कॅरमवर टाकतो ती बोरिक पावडर टाकणखारापासून करतात आणि टाकणखार जमिनीतच सापडतो. झुरळ आपले पाय आणि मिशा चाटून साफ करतं, तेव्हा ती पावडर त्याच्या पोटात जाते आणि ते मरतं. म्हणून काही घरांत कणकेत साखर आणि बोरिक कालवून गोळ्या ठेवतात. पण विचार करा, रांगणारे किडे जिथे फिरतात, तिथेच रांगणारं बाळही फिरतं! त्याला ती गोळी पेढाच वाटणार. पोटात गेली तर पाकीट बरोबर घेऊन ताबडतोब डॉक्टरांकडे धाव घ्यायला हवी.

मुंग्या-झुरळांसाठी मिळणारा पांढरा खडू तर नैसर्गिकही नसतो. त्यात कृत्रिम कीटकनाशक असतं, आणि दिसतो मात्र शाळेतल्या खडूसारखा. कोणतीही बारीक पूड श्वासातून आत जाणं वाईटच. म्हणून ती उधळू नका, फुंकू नका, नाकाला रुमाल बांधा. प्लॅस्टिक जळलेली राख तर मुळीच वापरू नका. आईबाबांनो, पुडीच्या डब्यावर ठळक नाव लिहा आणि पीठ-साखरेच्या फळीपासून तो दूर, उंच ठेवा.

करून पाहा

काळ्या मुंग्यांच्या वाटेजवळ गुळाचे तीन खडे ठेवा. एकाभोवती कोरड्या राखेचं कडं करा, दुसऱ्याभोवती हळदीचं आणि तिसऱ्याभोवती तांदळाच्या पिठाचं. पीठ कशाला? नुसत्या भुसभुशीतपणामुळे मुंगी अडते का, हे त्यावरून कळेल. पहिली मुंगी किती मिनिटांनी आत पोचली, ते वहीत लिहा. मग राखेच्या कड्यावर पाणी शिंपडून पुन्हा वेळ मोजा. एकदा नाही, तीनदा करा. तुमचे आकडे मित्राच्या आकड्यांशी जुळले नाहीत, तर का जुळले नाहीत ते दोघांनी मिळून शोधा. हात धुवायला मात्र विसरू नका हं!