अफरवटचा उतार

गुलमर्गला जाऊन आलेल्या घरात एक फोटो हमखास सापडतो. भाड्याचे बूट, भाड्याचा कोट आणि मागे गोंडोला. त्याच गोंडोलाच्या डब्यात लांब स्की घेऊन शेजारी बसलेली माणसे वर जाऊन नेमके काय करतात, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. आम्ही विचारले, आणि जे कळले ते वाचकांसाठी लिहीत आहोत.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा दुसरा टप्पा २००५ साली सुरू झाला आणि लोक अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर पोहोचू लागले. शिकाऊ मुले खाली गुलमर्गच्या सौम्य उतारांवर घसरतात. वर मात्र यंत्राने दाबून सपाट केलेली वाट नाही. वाऱ्याने जसा टाकला तसाच बर्फ. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान याच भागातला. पण त्याची शर्यत तयार केलेल्या उतारावरची, रोवलेल्या खांबांमधून वळत जाण्याची. अफरवटची परीक्षा निराळी.

गोंडोलाखालचा मोठा खोलगट उतार स्की पेट्रोलच्या देखरेखीखाली असतो. धोका वाटला की ते स्फोट घडवून सैल बर्फ आधीच पाडतात, मगच वाट खुली होते. त्या हद्दीबाहेर डावीउजवीकडे उभे नाळ आहेत, खाली दाट जंगल आहे. झाडांमधून वाट काढत उतरणारे थेट बाबारेशीच्या जियारतीपर्यंत किंवा द्रंगपर्यंत पोहोचतात. पट्टीच्या स्कीयरांना खुणावते ते हेच. आणि माणसे जातात तीही बहुधा इथेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीयर हिमस्खलनात गेले; पुढच्या फेब्रुवारीत एक रशियन. २०१० मध्ये तर खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे १७ जवान गाडले गेले होते. ते काही नवशिके पर्यटक नव्हते.

असे का होते? जुन्या बर्फाचा एखादा थर आतल्या आत साखरेसारखा भुसभुशीत होतो. त्यावर वाऱ्याने नव्या बर्फाची जड लादी रचली जाते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका माणसाचे वजनही ती लादी सुटायला पुरते. गाडलेल्याला पहिल्या पंधरा मिनिटांत काढले तर जगण्याची आशा मोठी. त्यानंतर ती झपाट्याने घटते. बाहेरून मदत येईपर्यंत एवढा वेळ कुठला? म्हणून प्रत्येकाजवळ संदेश देणारे-घेणारे यंत्र, बर्फात खुपसायची लांब सळई आणि फावडे हवेच, आणि सोबत ते वापरता येणारा साथीदारही. एकट्याने गेल्यास हे सामान शोभेचे.

आम्हाला सर्वांत मोलाचे वाटले ते जाणत्या गाइडांचे वागणे. पाहुण्याने महागडी फी मोजलेली असते, आभाळ निळेशार असते, बर्फ रात्रीच पडलेला. गाइड आधी खड्डा खणतो, थर बोटांनी चाचपतो, फावड्याने वर थाप मारून पाहतो. लादी सुटली, तर तो पाहुण्याची नाराजी पत्करतो आणि त्याला घेऊन पेट्रोलने खुल्या केलेल्या उतारावरूनच खाली येतो.