परांची बांधण्याआधी

लेखमाला : घराची बाहेरची बाजू — लेखांक सहावा

गणपती गेले की सोसायट्यांच्या सूचनाफलकावर वार्षिक सभेची नोटीस लागते. इमारत पंधरा-वीस वर्षांची असली तर विषयपत्रिकेत हमखास एक ओळ सापडते : 'बाहेरील रंगकामाबाबत विचार करणे'. मग तास-दीड तास विचार होतो तो बिस्किटी की करडा याचा. रंगकंपनीने संगणकावर काढून दिलेली चित्रं हातोहात फिरतात. त्या चित्रांत एसीची यंत्रं नसतात, वाळत घातलेले कपडे नसतात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खिडकीबाहेर काढलेला लोखंडी पिंजराही नसतो. मागच्या लेखांकात आपण गच्चीचं काम पाहिलं. आज बाहेरच्या भिंती. रंगाची छटा हा या कामातला सगळ्यांत शेवटचा प्रश्न आहे, आणि त्याआधीचे प्रश्न नीट सुटले तर इमारत निम्मी देखणी तिथेच झालेली असते, असं माझं मत आहे.

सुरुवात स्ट्रक्चरल ऑडिटने. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. मुंबईत महापालिका कायद्याचं ३५३-ब हे कलम ३० वर्षांपुढच्या इमारतींना स्थैर्याचा दाखला सक्तीचा करतं. हे बहुतेक समित्यांना ठाऊक असतं. ऑडिट कधी करावं, याचा विचार मात्र होत नाही. साधारणपणे ते फेब्रुवारीत होतं, भिंती कोरड्या ठणठणीत असताना. खरी पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये व्हायला हवी. ओल कुठून शिरते, कुठल्या छज्जाखालून थेंब परत भिंतीकडे वळतो, कुठला पाईप सांध्यात गळतो, हे तेव्हा उघड्या डोळ्यांना दिसतं. पावसाळ्यात पाहणी, सप्टेंबरात सभेचा ठराव, ऑक्टोबरात निविदा आणि दिवाळीनंतर परांची, असा क्रम धरला तर मे अखेरपर्यंत काम उरकतं. मार्चमध्ये जाग आलेली सोसायटी जूनमध्ये ताडपत्र्या शोधत फिरते.

ऑडिटमधली पहिली चाचणी हातोडीची. अनुभवी माणूस गिलाव्यावर हलकेच ठोकत जातो. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे. पुढचा प्रश्न सळईचा. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं आणि त्या अल्कधर्मी आवरणात सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत राहतो आणि हा गुण कमी होत जातो. किनारपट्टीवर खाऱ्या हवेतले क्लोराइडही भर घालतात. आवरण निकामी झालं की गंज सुरू होतो, आणि गंजाला मूळ पोलादापेक्षा दोन ते सहा पट जागा लागते. तो आतून रेटा देतो, सळईच्या रेषेत तडा जातो, त्या तड्यातून पाणी शिरतं आणि गंज आणखी वाढतो. खांबावर उभी, सरळ भेग दिसली तर ती रंगाने बुजवायची गोष्ट नव्हे. काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण शिंपडतात : जिथे गुलाबी होतं तिथे काँक्रीट अजून निरोगी, जिथे रंग येत नाही तिथपर्यंत कार्बनने मजल मारलेली. ही चाचणी समितीच्या सदस्यांनी समोर उभं राहून पाहावी. तज्ज्ञाच्या पन्नास पानी अहवालातून जे कळत नाही ते त्या गुलाबी पट्ट्याच्या रुंदीवरून कळतं.

या ठिकाणी छज्जाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडे बाहेरून सगळ्यांत आधी कोसळतो तो तोच. छज्जा एका बाजूनेच धरलेला असतो, म्हणून त्यातल्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला असाव्या लागतात. काँक्रीट ओतताना मजूर त्या जाळीवरूनच ये-जा करतात, सळ्या दबून खाली जातात आणि छज्जा जन्मतःच दुबळा होतो. वरून बघून हे कळत नाही. अशा छज्जावर आपण एसीचं बाहेरचं यंत्र ठेवतो, तुळशीपासून मनीप्लांटपर्यंतच्या कुंड्या मांडतो, आणि ते यंत्र दुरुस्त करायला आलेला मुलगाही त्याच्यावरच उभा राहतो. बाहेरचं काम काढलं असेल तर यंत्रांसाठी भिंतीला नीट बोल्ट केलेले, गंजरोधक स्टँड सगळ्यांना एकाच मापाचे आणि एकाच रेषेत लावून घ्यावेत. सुरक्षितता साधतेच, शिवाय दर्शनी भागाचा बकालपणा जितका या एका गोष्टीने जातो तितका कुठल्याही महागड्या रंगाने जात नाही.

छज्जाच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूस, बोटभर रुंदीची एक खाच असते. पावसाचं पाणी कडेवरून वळून मागे भिंतीकडे सरकू लागलं की त्या खाचेपाशी अडतं आणि थेंब होऊन खाली पडतं. नवा गिलावा करताना ही खाच हमखास लिंपली जाते, कारण ती ठेवायला गवंड्याचा वेळ जातो आणि ती कुणाच्या बिलात वेगळी नसते. पहिल्याच पावसाळ्यानंतर खिडकीखाली काळे ओघळ दिसू लागतात आणि शिव्या रंगकंपनीला पडतात. खिडकीच्या उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार, पाईपांच्या सांध्यांभोवती भराव, तडे इंग्रजी 'व्ही'च्या आकारात खोदून भरणं, आणि सांध्यात रुजलेला पिंपळ नुसता छाटून न टाकता मुळासकट काढणं, ही सगळी पाण्याचीच कामं. निविदेत त्यांना स्वतंत्र ओळ हवी.

पाणी अडवणं आणि शोभा आणणं ही वेगळी कामं नाहीत, हे पाहायचं असेल तर मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला किंवा मरीन ड्राइव्हवर सावकाश चालावं. १९३० आणि ४० च्या दशकांतल्या त्या आर्ट डेको इमारतींवर खिडक्यांच्या माथ्यावरून कोपऱ्यापर्यंत वळत गेलेले छज्जे आहेत. भुवयांसारखे ते पट्टे ऊन आणि पाऊस दोन्ही अडवतात आणि त्या इमारतींची ओळखही तेच आहेत. २०१८ साली युनेस्कोने मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. उलट आज 'मॉडर्न लूक'च्या नावाखाली छज्जे कापून भिंत सपाट करण्याची टूम आहे. युरोपातल्या रिमझिम पावसाला ती चालत असेल. नैर्ऋत्येकडून आडवा मारा करणाऱ्या कोकणच्या पावसाला चालत नाही.

जुन्या बांधणीचा भाग वेगळा. पुण्यातला दगडी जोत्याचा वाडा असो, कोकण-गोव्यातलं चिऱ्यांचं घर असो, त्यांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. त्या ओल शोषतात आणि हवेत सोडून देतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा आणि वरून प्लास्टिकचा पापुद्रा धरणारा रंग चढवला की ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा चिऱ्याची साल सोबत घेऊन निखळतो. अशा घरांना चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदीच योग्य. ती दर एक-दोन वर्षांनी द्यावी लागते, हे खरं. इमारत वारसा यादीत असेल तर हात लावण्याआधी वारसा समितीची वाट धरावी लागते. मुंबईत अशी नियमावली १९९५ पासून आहे.

आता परांची. बांबूची असो की लोखंडी नळ्यांची, तिच्यावर काम करणाऱ्या रंगाऱ्याचा पट्टा परांचीलाच अडकवलेला दिसला तर काम थांबवावं. परांची कोसळली तर पट्ट्यासकट माणूस कोसळतो. पट्टा गच्चीवरून सोडलेल्या स्वतंत्र दोराला अडकवायला हवा. मजुरांचा विमा आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी पहिल्या मजल्यावर फळ्यांचं छत या दोन गोष्टी दर कमी करायच्या घासाघिशीत सगळ्यांत आधी गळतात.

आणि ती हिरवी जाळी. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी हाँगकाँगच्या ताई पो भागातल्या वांग फुक कोर्ट या वसाहतीत आग लागली. तिथे बाहेरच्या दुरुस्तीचंच काम चालू होतं. आठ टॉवर परांची आणि जाळीने वेढलेले होते, खिडक्यांना फोमचे तक्ते लावलेले होते. आठांपैकी सात टॉवर पेटले आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. तपासात अवघड जागांवरून घेतलेले जाळीचे काही नमुने अग्निरोधक कसोटीला उतरले नाहीत. आपल्याकडे जाळी घेताना दर चौरस मीटरला किती, एवढंच विचारलं जातं. प्रमाणपत्र मागावं, आणि जाळी बांधून झाल्यावर वरच्या मजल्यावरचा एक तुकडा कापून आणून मोकळ्या जागी पेटवून पाहावा. ज्योत काढल्यावर तो विझला पाहिजे. थर्माकोल, फोम, पातळ प्लास्टिक यांनी खिडक्या झाकू देऊ नयेत. ज्या खिडक्यांना बंद पिंजरे आहेत त्यांना या निमित्ताने आतून उघडणारी झडप करून घ्यावी. आगीत तो पिंजरा बाहेर पडायची वाट अडवतो.

व्यावसायिक इमारतींत हा धोका कायमचा भिंतीवर चढवला जातो. दुकानांच्या आणि ऑफिसांच्या दर्शनी भागावर जे चकचकीत अॅल्युमिनियमचे पॅनेल दिसतात, त्यांत दोन पातळ पत्र्यांमध्ये एक गाभा असतो. तो पॉलिथिलिनचा असेल तर जळतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला नूतनीकरणात असेच पॅनेल बसवले होते; २०१६ मध्ये काम पूर्ण झालं आणि १४ जून २०१७ च्या आगीत ७२ जणांचा बळी गेला. पॅनेल आणि भिंत यांच्यामधली पोकळी धुरांड्याचं काम करते आणि आग मजल्यामागून मजले चढत जाते. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न गाभ्याचा विचारावा, खनिज गाभ्याचेच पॅनेल घ्यावेत आणि प्रत्येक मजल्यावर पोकळी अग्निरोधक पट्टीने बंद करून घ्यावी. काचेच्या दर्शनी भिंतीतही काच आणि मजल्याची कड यांच्यातली फट अशीच भरावी लागते, आणि धूर बाहेर जायला उघडणारी तावदानंही लागतात. अंधेरीत १८ जुलै २०१४ रोजी काचेने मढवलेल्या एका उंच व्यावसायिक इमारतीला लागलेल्या आगीत अग्निशमन दलाच्या एका जवानाचा जीव गेला. पॅनेलचा आणखी एक तोटा बोलला जात नाही : त्यांच्यामागे इमारत म्हातारी होत जाते आणि कुणाला दिसत नाही. ठरावीक जागी काढता येणारे पॅनेल ठेवले तर पुढच्या ऑडिटला भिंत पाहता तरी येते.

पाट्यांचं नियोजन मात्र सोपं आहे, आणि तरीही कुणी करत नाही. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने राज्यातल्या सगळ्या दुकानांना आणि आस्थापनांना देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली, इतर लिपीपेक्षा अक्षरं लहान नकोत या अटीसह. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. बहुतेकांनी जुन्या पाटीच्या वर एक नवी ठोकली. त्यापेक्षा तळमजल्यावर दुकानांच्या माथ्यावरून एकच सलग पट्टा आखावा, उंची ठरवावी, तिथेच सगळ्यांच्या पाट्या आणि त्यांच्या वायरींची नळी. गच्चीवर जाहिरातीचा फलक घेऊन भाडं कमवायचा मोह असेल तर आधी संरचना अभियंत्याकडून वाऱ्याच्या दाबाचं गणित करून घ्यावं. १३ मे २०२४ च्या वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर कोसळलेला फलक १२० बाय १२० फुटांचा होता, मुंबईत मर्यादा ४० बाय ४० ची असताना. सतरा माणसं गेली.

राहता राहिला पैसा. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीसाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के रक्कम जमा व्हायला हवी. ज्यांनी ती नेमाने जमवली त्यांच्या सभांना भांडणं कमी होतात. करार ठोक रकमेचा करू नये, मापाप्रमाणे दराचा करावा. सुटलेला गिलावा किती, हे परांची बांधून हात लावल्याशिवाय कळतच नाही. म्हणून दर आधी ठरवायचे आणि मोजमाप सोसायटीचा सल्लागार व कंत्राटदार यांनी मिळून, तोडलेला भाग पुन्हा झाकण्याआधी करायचं. फोटो त्याच वेळी काढायचे. नवा गिलावा पुरता वाळेपर्यंत, म्हणजे साधारण २८ दिवस, रंगाऱ्याला हात लावू द्यायचा नाही. अल्कधर्मी ओल्या भिंतीवर कुठलाही रंग पापुद्रे सोडतो. बिलातून राखून ठेवलेली पाच-दहा टक्के रक्कम काम संपल्याच्या दिवशी न देता एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, भिंतींची पुन्हा पाहणी करून द्यावी. कंत्राटदार कुरकुर करतो. ज्याला आपल्या कामाची खात्री असते तो त्या अटीवरही सही करतो.

पुढच्या लेखांकात कुंपण, फाटक आणि पार्किंगची फरशी.